तेल-फणी करून काढलेले चार फोटो

जबलपूरजवळच्या पनागरमधल्या एका कन्याशाळेत सुनेत्रा गजभिये सत्तावीस वर्षे गणित शिकवत होती. पण मुलींच्या स्मरणात ती राहिली ती बीजगणितामुळे नव्हे. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ती रांगांमधून संथपणे चालत जाई आणि प्रत्येक डोक्याकडे पाही. दोन घट्ट वेण्या, तेल लावलेल्या, लाल फितीने वर बांधलेल्या. कोरडे, भुरभुरते केस दिसले की ती थांबे. "घर में कंघी नहीं है क्या?" एवढेच ती हळू आवाजात विचारी, आणि त्या हळू आवाजाला मुली मुख्याध्यापकांच्या छडीहून अधिक भीत. एखादीला ती घरी परतही पाठवी. तिचा राग उतू जाणारा नव्हता. चुलीबाहेर ओढून ठेवलेल्या निखाऱ्यासारखा, वरून राख आणि आत लाल, असा होता.

हा केसांचा नियम मुळात तिचा नव्हता. तो तिच्या आईचा, भीमाबाईचा होता, आणि भीमाबाईनेही तो हौसेपोटी केलेला नव्हता.

भीमाबाई लग्न होऊन भंडाऱ्याकडच्या खेड्यातून जबलपुरात आली ती १९६२ साली. राज्यांची फेररचना होऊन सहा वर्षे लोटली होती. नागपूर पलीकडच्या राज्यात गेले होते आणि तिचा नवरा डोमाजी इकडच्या कारखान्यात लेथवरच राहिला होता. आल्यावर दोनेक वर्षांनी भीमाबाईच्या डोक्यात, मानेच्या जरा वर, गळू झाले. वस्तीजवळच्या दवाखान्यात ती एकटीच गेली. डॉक्टर आले नव्हते, कंपाउंडर होता. त्याने नाव विचारले, आडनाव विचारले, मग वस्ती विचारली, आणि आपली खुर्ची वीतभर मागे सरकवली. टेबलावरची फूटभर लाकडी पट्टी उचलून तिच्या टोकाने त्याने भीमाबाईचे केस बाजूला सारले. लांबूनच पाहिले. मलम कागदावर काढून तो कागद स्टुलावर ठेवला आणि पट्टी धुण्यासाठी बाहेरच्या नळाखाली टाकली. हे करताना तिला ऐकू जाईल अशा बेताने तो शेजारच्याला म्हणाला, "इन लोगों के बालों में हाथ कौन डाले."

गळू आठ दिवसांत बसले. त्या वाक्यावर मात्र कुठले मलम चालले नाही. त्या दिवसापासून घरात कायदा झाला. दवाखाना असो, कचेरी असो की शाळा. जिथे टेबलापलीकडे कोणी बसलेले असते, तिथे या घरातले माणूस केस धुऊन, तेल लावून, चापूनचोपून बसवल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. "आपल्याले घाण म्हणाले कोणाले जागाच ठेवायची नाई," भीमाबाई म्हणे. सुनेत्रा सात वर्षांची असताना तिला फणफणून ताप भरला, तेव्हासुद्धा आईने आधी तिची वेणी घातली आणि मग तिला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे नेले. वेणी घालताना ताप आणि फणी यांपैकी अधिक काय दुखत होते, हे सुनेत्राला पुढे कधी सांगता आले नाही.

तर २०२२ सालच्या मार्चमध्ये, वार्षिक परीक्षांच्या धामधुमीत, बावन्न वर्षांच्या सुनेत्राच्या फणीत केसांचे झुबके येऊ लागले. सुरुवातीला तिने लक्ष दिले नाही. वर्षभरापूर्वी तिला कोरोना होऊन गेला होता आणि शाळेतल्या सगळ्याच शिक्षिका केसांबद्दल रडत होत्या. पण हे तसे नव्हते. डाव्या कानामागे, वेणीच्या पेडाखाली, बोटाला गुळगुळीत लागेल असा रुपयाएवढा डाग होता. त्याशेजारी दुसरा, चार आण्याएवढा. हात लावला की आग होई. सकाळी उशीवर पापुद्रे पडलेले दिसत.

सहा वर्षांपूर्वी सुनेत्राचा नवरा वारल्यापासून जबलपुरात मदन महलजवळच्या दोन खोल्यांत तिघीच राहत होत्या: सुनेत्रा, भीमाबाई आणि सुनेत्राची बावीस वर्षांची मुलगी इंदू. इंदूला मराठी कळे पूर्ण. बोलताना मात्र दर तिसऱ्या शब्दाला ती हिंदीत उतरे. आईची फणी तिनेच पाहिली.

"आई, हे काय आहे? किती दिवस झाले?"

"परीक्षा संपल्यावर पाहू."

"परीक्षा आपली नाही, मुलींची आहे. सुनो ना, एक ॲप आहे. फोटो टाकायचे, मग डॉक्टरचा व्हिडिओ कॉल येतो. दवाई घरीच येते."

"तपासतो कसा?"

"फोटोत बघतो."

"कोणी हात नाही लावत?"

"कोणी नाही लावत. तुला तेच तर पाहिजे."

खरे सांगायचे तर सुनेत्राला तेच हवे होते. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे, परक्या माणसापुढे केस मोकळे सोडायचे, मागच्या बाकावरच्या बायकांनी ते पाहायचे, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती. पडद्यावरचा डॉक्टर खुर्ची मागे सरकवू शकत नाही. तो आधीच दूर असतो. यात तिला एक प्रकारची सुरक्षितता वाटली. पुढे तिने स्वतःवर जो राग धरला, त्याचे मूळ या सुरक्षिततेत होते.

ॲपने आधी प्रश्नावली भरून घेतली. वय, झोप, ताण, घरात कोणाला टक्कल. सगळी उत्तरे चौकटींत खुणा करून द्यायची होती. शेवटी "और कुछ बताना चाहें" अशी एक रिकामी जागा होती. तिथे सुनेत्राने स्वच्छ हिंदीत लिहिले: बाएँ कान के पीछे दो चकत्ते हैं, छूने पर जलन होती है, सुबह पपड़ी झड़ती है. गणिताच्या शिक्षिकेसारखे, जेवढे आहे तेवढेच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

मग चार फोटो मागितले होते: समोरून, वरून, मागून आणि एका बाजूने. रविवारी सकाळी इंदू मोबाइल घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. सुनेत्रा न्हाऊन आली होती. केस सुकून मोकळे झाले होते आणि दोन्ही डाग उघडे दिसत होते. ती तशीच खुर्चीवर बसणार, तोच दिवाणावरून भीमाबाईचा आवाज आला.

"डॉक्टरापुढं चालली ना? मंग अशी झिपरी घेऊन जाशील काय?"

"जायचं कुठं आहे आई, फोटो काढायचे आहेत."

"फोटो तं आणखीन वाईट. माणूस इसरते, फोटो नाई इसरत. आण तेल."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची भीमाबाई उठून बसली. तिने खोबरेल हातावर घेतले, लेकीला पुढ्यात बसवले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने भांग काढला. उघड्या जागेवरून तिचा हात गेला तेव्हा तो क्षणभर थांबला; मग तिने शेजारचे केस ओढून त्या जागेवर नीट बसवले, वरून फणी फिरवली आणि आंबाडा घट्ट बांधला.

"आजी," इंदू म्हणाली, "डॉक्टरला टक्कल दाखवायचं आहे की लपवायचं?"

"पोरगी पाहाले आले का ते? डॉक्टर हाय. डॉक्टरापुढं तं अजून नीट जा लागते."

"पोरगी पाहायला येतात त्याहून जास्त तयारी चालू आहे इथं."

"तुले नाई समजत. गप फोटो काढ."

इंदूने चार फोटो काढले. बाजूचा फोटो काढताना तिने बोटाने केस उचलून डाग दाखवायचा प्रयत्न केला. सुनेत्राने तिचे मनगट धरले. "राहू दे. मी सांगीन तोंडानं. लिहिलंही आहे." मनगट धरलेल्या त्या बोटांत आईचा कायदा होता. तिला ते त्या वेळी जाणवले नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर कॉल आला. भीमाबाई दिवाणावर सावरून बसली, जणू डॉक्टर दारातूनच आत येणार होता. पडद्यावर तिशीतला एक तरुण दिसला. कानांवर हेडफोन, मागे पांढरी भिंत, नजर पडद्यावर पण सुनेत्राच्या डोळ्यांत नाही; जरा खाली, कुठेतरी काही वाचत असल्यासारखी.

"हाँ सुनेत्रा जी. एज फिफ्टी टू. कोविड हुआ था?"

"हुआ था, पिछले साल. लेकिन यह—"

"पोस्ट-कोविड हेअर फॉल बहुत कॉमन है मैम. और इस उम्र में हॉर्मोन्स भी बदलते हैं. फोटो मैंने देख लिए. डेन्सिटी ठीक है, स्कैल्प क्लीन है."

खोलीत एक विलक्षण गोष्ट घडली. भीमाबाईला इंग्रजी येत नव्हते, पण 'क्लीन' हा शब्द जबलपुरातल्या प्रत्येक साबणाच्या जाहिरातीत होता. तिने मान डोलावली. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी टेबलापलीकडून जे ऐकावे लागले होते, त्याचा परतावा आज टेबलापलीकडूनच आला होता. "क्लीन म्हणाला ना? आयकलं?" ती पुटपुटली. आणि सुनेत्रा, जी कुठल्याही अधिकाऱ्याला चुकीचा हिशेब मांडू देत नसे, तीसुद्धा त्या शब्दाने क्षणभर सुखावली. त्या क्षणभराचीच किंमत तिला मोजावी लागली.

"पर जलन होती है," ती उशिरा म्हणाली.

"ड्राय स्कैल्प मैम. शैम्पू दे रहा हूँ. एक ड्रॉप्स, एक टैबलेट. छह महीने कंटिन्यू कीजिए. ओके? टेक केअर."

चार मिनिटे झाली होती. पडद्याच्या कोपऱ्यात सात मिनिटांचे घड्याळ उलटे चालत होते. उरलेली तीन मिनिटे कोणाच्या पदरात पडली, हे कळायला मार्ग नव्हता.

एप्रिल गेला, उन्हाळा गेला, नर्मदेला पूर येऊन ओसरला. दर महिन्याला खोके येई. सुनेत्रा थेंब मोजून घाली आणि मोबाइलने आठवण करून दिली की 'लिया' या खुणेवर बोट ठेवी. जळजळ थांबली नाही. जुलैत तिसरा डाग उमटला. तिने ॲपवर लिहिले. उत्तर आले: आपका भरोसा हमारे लिए अनमोल है, परिणाम आने में चार से छह महीने लगते हैं, कृपया धैर्य रखें. खाली एक गुलाबाचे चित्र. ऑगस्टमध्ये तिने पुन्हा लिहिले. तेच उत्तर, तोच गुलाब. सप्टेंबरात तिसऱ्यांदा. इंदू म्हणाली, "आई, हे माणूस नाही, मशीन उत्तर देतं." सुनेत्रा म्हणाली, "मशीन असेल तर मशीन. प्रश्न वाचल्याशिवाय उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य देते." राख अजून वरच होती, पण आत निखारा धरू लागला होता.

नोव्हेंबरात पनागरहून परत येताना बसमध्ये तिच्या मागच्या बाकावर अंजनी बसली होती. अंजनी शाळेत चित्रकला शिकवी, बोलायला फटकळ. खिडकीतून वारा आला, पदर सरकला, आणि अंजनी पुढे वाकली.

"दीदी, एक बोलू? रागवू नका."

"बोल."

"तुमच्या कानामागं चामडी चमकून राहिली. काचेसारखी. काहून असं?"

"इलाज चालू आहे. ऑनलाइन."

"चमकायला लागली म्हणजे इलाज चालू नाही दीदी, बीमारी चालू आहे. माझ्या जाऊबाईचं असंच होतं. तिनं डोक्यावरून पदर घेतला तो अजून घेऊनच आहे. फोनचा नाद सोडा, उद्या सुट्टी घ्या."

दुसऱ्या दिवशी सुनेत्रा सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेली. आणि जाताना, हे नोंदवणे भाग आहे, तेल लावून, आंबाडा घालून गेली.

रांगेत तिच्यापुढे तीसेक माणसे होती. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, चेहऱ्यावर थकवा, आवाजात ना माया ना तुसडेपणा. त्यांनी सुनेत्राला स्टुलावर बसवले आणि काही न विचारता आंबाड्यातल्या पिना काढायला सुरुवात केली.

"तेल क्यों लगाकर आईं? इसमें क्या दिखेगा मुझे?"

त्यांनी कापसाने तेल पुसले. मग दोन्ही हातांच्या बोटांनी केस बाजूला केले, जागा दाबून पाहिली, नखाच्या कडेने पापुद्रा उचलला, पुन्हा दाबले. त्या बोटांत कसलेही उपकार नव्हते. सुतार लाकूड पाहतो तशी ती पाहत होती. मग दिव्याचे एक लहानसे भिंग त्वचेला टेकवून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"कब से है?"

"मार्च से."

"मार्च में आना था." त्यांनी भिंग खाली ठेवले. "ये जो चिकना हो गया है, यहाँ जड़ें जा चुकीं. सूजन ने उन्हें मार दिया, नीचे निशान बन गया. यहाँ बाल अब नहीं आएँगे, कोई दवा नहीं लाएगी. लेकिन किनारे पर लाली है. लाली मतलब वहाँ अभी जान है. उतना बचा सकते हैं. पहले एक टुकड़ा जाँच के लिए लूँगी."

"मैंने दिखाया था," सुनेत्रा म्हणाली. "डॉक्टर को. अप्रैल से इलाज ले रही हूँ." तिने मोबाइल पुढे केला. चार फोटो, आणि त्यांखाली डॉक्टरच्या सहीचा कागद.

डॉक्टरबाईंनी एकेक फोटो पाहिला. "इन पर किसी ने स्कैल्प क्लीन लिखा है? इसमें तो सिर दिख ही नहीं रहा. कंघी दिख रही है." मग मोबाइल परत देताना, "आपने भी कमाल किया. डॉक्टर के सामने ऐसे बैठते हैं?"

तपासणीसाठी सुनेत्राच्या त्वचेचा तुकडा काढून झाला. टाका घातलेल्या जागेवर पट्टी घेऊन ती बाहेर आली, तेव्हा तिच्या अंगात इतका राग होता की रिक्षावाल्याला मदन महल सांगायच्या ऐवजी तिने पनागर सांगितले. तो राग कोणाकडे वळवायचा, हेच तिला कळेना. फोटो तिने दिले होते. केस तिने झाकले होते. पण लिहूनही दिले होते. चकत्ते, जलन, पपड़ी. लिहिलेले कोणी वाचले नव्हते आणि झाकलेले कोणी उघडायला सांगितले नव्हते. आपल्याच हाताने आठ महिने थेंब घालून आपण मेलेल्या जमिनीला पाणी देत होतो, ही गोष्ट तिला काट्यासारखी रुतली. आणि मग प्रार्थनेच्या रांगा आठवल्या. भुरभुरत्या केसांच्या ज्या मुलींना आपण परत पाठवले, त्यांच्यापैकी एकीच्याही डोक्याला आपण कधी हात लावला नाही, हेही आठवले. हा काटा पहिल्याहून खोल गेला.

घरी पोचल्यावर तो राग जवळच्या माणसावर पडला, जसा तो नेहमी पडतो.

"तुझ्या तेलानं केलं हे," ती भीमाबाईला म्हणाली. आवाज हळूच होता. "तुझ्या फणीनं. डॉक्टरापुढं नीट जा, नीट जा. गेले नीट. त्यानं नीट केस पाहिले आणि नीट म्हणाला. आता ती जागा कायमची गेली आई. शेत जळावं तशी गेली."

भीमाबाईने सगळे ऐकून घेतले. ती रडली नाही. तिने विचारले, "त्यानं हात लावला होता काय?"

"फोनवर कसा हात लावणार?"

"मंग पट्टीनं तरी केस सारले होते काय?"

सुनेत्राने मान वर केली.

"त्या कंपाउंडरनं," भीमाबाई एकेक शब्द ठेवत म्हणाली, "मले शिवायचं नोतं. तरी पट्टीनं सारून पाहिलं त्यानं. खाली काय हाय ते पाहिलं. मंग मलम देल्लं. म्हणून मी बरी झालो. ह्यानं तं पट्टीबी नाई उचलली. आन मी येडी, त्यानं क्लीन म्हटलं म्हणून दिवसभर खुश होतो." तिने लेकीकडे पाहिले. "मी तुले नीट राहा म्हटलं ते त्याईचं तोंड बंद कराले. डोळे बंद कराले नाई."

इंदू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हळूच विचारले, "आजी, कोणता कंपाउंडर?" कारण ही गोष्ट तिला आजवर कोणी सांगितलेली नव्हती. भीमाबाईने ती त्या संध्याकाळी नातीला पहिल्यांदा सांगितली, पट्टी नळाखाली टाकली तिथपर्यंत. सुनेत्रा भिंतीकडे पाहत बसली होती. तिच्या रागाला आता दिशा मिळाली होती.

आठवड्याने तपासणीचा अहवाल आला. डॉक्टरबाईंचा अंदाज खरा होता. त्याच शनिवारी सुनेत्राने ॲपवर त्याच डॉक्टरची वेळ मागितली. सकाळी केस धुतले, तेलाच्या बाटलीला हात लावला नाही, आणि गच्चीवरच्या उन्हात मोकळे केस पाठीवर सोडून बसली. बावन्न वर्षांत ती अशी उघड्यावर पहिल्यांदा बसली होती. समोरच्या गच्चीवरची बाई पाहत होती. पाहू दे, असे तिने ठरवले. मोबाइल इंदूच्या हातात होता.

"हाँ सुनेत्रा जी, रिझल्ट कैसा है?"

सुनेत्राने डावीकडचे केस मुठीत धरून वर उचलले आणि इंदूला खूण केली. मोबाइल जवळ आला.

पडद्यावरचा तरुण पहिल्यांदाच वाचायचे थांबून पाहू लागला. "मैम, ये... ये तो स्कारिंग लग रहा है. आपको तुरंत किसी को सामने जाकर दिखाना चाहिए."

"दिखा चुकी. अब आप देखिए."

"पर ये पहले फोटो में नहीं था."

"था. बालों के नीचे था. आपने कहा था, बाल हटाइए?"

"मैम, फोटो सही देना तो पेशंट की..."

"आधी गलती मेरी. मैं मानती हूँ, लिखकर दे दूँगी. बाकी आधी आप लिखिए. मैंने लिखा था, दो चकत्ते, जलन, पपड़ी. पढ़ा था?"

कोपऱ्यातले घड्याळ तीन मिनिटांवर आले होते.

"बेटा, मैं सत्ताईस साल से कॉपियाँ जाँच रही हूँ," सुनेत्रा म्हणाली. प्रार्थनेच्या रांगेतलाच आवाज, तसाच हळू. "जो पन्ना खोला नहीं, उस पर सही का निशान नहीं लगाते. आपने लिखा है, स्कैल्प क्लीन. उसके नीचे लिखिए कि देखा नहीं था."

"मैम, सिस्टम में ऐसा ऑप्शन नहीं है."

"तो जो है, उसमें लिखिए."

त्याने मान खाली घातली. बोटे हलताना दिसली. त्याला लाज वाटत असावी असे इंदूला वाटले; सुनेत्राला ते पाहण्याची इच्छा नव्हती. सात मिनिटे संपली आणि पडदा आपोआप काळा झाला.

संध्याकाळी नोंदीत नवी ओळ दिसली: पेशंट को ऑफलाइन परामर्श की सलाह दी गई. 'स्कैल्प क्लीन' वर होते तसेच होते. सुनेत्राने तो कागद बाजारातून छापून आणला, टेबलावर ठेवला, आणि उत्तरपत्रिका तपासायच्या लाल पेनाने त्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिले, "यह जाँच नहीं हुई," खाली सही केली, तारीख टाकली. एक प्रत डॉक्टरांच्या परिषदेला रजिस्टर पोस्टाने गेली, सोबत स्वतःच्या चुकीची कबुली देणारे अर्धे पान. दुसरी तिने रुग्णालयाच्या केसपेपरला टाचली. परिषदेकडून पोच आली. उत्तर अजून आलेले नाही.

डोक्यात सुया टोचून औषध सोडायचे, दर चार आठवड्यांनी, असे ठरले होते. पहिल्या वेळी भीमाबाई हट्टाने बरोबर आली. तिचे स्वतःचे पांढरे केस तेलाने चपचपीत होते. लेकीचे कोरडे, मोकळे होते. बाकावरच्या बायका पाहत होत्या, आणि भीमाबाई त्यांच्याकडे उलट पाहत होती.

नंबर लागला. डॉक्टरबाईंनी सिरिंज भरली आणि त्या वळल्या, तोवर म्हातारी खुर्चीतून उठून लेकीच्या मागे उभी राहिली होती. तिने दोन्ही हातांनी केस बाजूला केले. "इथं," ती म्हणाली. "आन इथं. हे तिसरं. याच्या खाली अजून लाल हाय, ते तुम्ही पाहिलं का नाई?"

"अम्मा, उँगली हटाइए. सुई लगानी है."

भीमाबाईने बोटे हलवली नाहीत. "पहले हाथ लगाके देखो," ती म्हणाली. "फिर हटाती."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिले, दारात ताटकळलेल्या रांगेकडे पाहिले, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, आणि भीमाबाईच्या बोटाशेजारी आपले बोट टेकवून त्या खाली वाकल्या.